मागे गेलेले बॉल

"आज साडी नाही नेसलीस?" मैदानाच्या फाटकातच सुलभाताईंनी मला विचारलं.

"ड्रेस बरा पडतो. बसाउठायला सोपं."

"तुला कुठं बसाउठायचंय? नंदूनं खुर्च्या टाकल्यात आयांसाठी."

मी हसले. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत पाण्याची बाटली होती, चिवड्याचा डबा होता, आणि त्यांच्या खाली जुन्या पंच्यात गुंडाळलेली एक वस्तू होती. सुलभाताईंची नजर पिशवीवरून फिरली आणि डब्यावर थांबली.

"चिवडा आणलास? बरं केलंस. हरलेल्यांना भूक फार लागते," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

सुलभाताई माझ्या मोठ्या जाऊबाई. घर एकच, त्या वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. त्यांची मृणाल आणि माझी चेतना दोघी दहावीत, एकाच वर्गात. नंदू म्हणजे नंदकिशोर सर. मुलींच्या सॉफ्टबॉल संघाचे प्रशिक्षक आणि सुलभाताईंचे सख्खे धाकटे भाऊ. एवढं सांगितलं की आमच्या गावातला कुणीही पुढची गोष्ट स्वतःच सांगेल. तरी मी सांगते, कारण शेवट त्याला येणार नाही.

सॉफ्टबॉल आमच्याकडे हौसेनं कुणी सुरू केला नव्हता. क्रिकेटला पोरांची गर्दी, कबड्डीला अंगात रग पाहिजे. सॉफ्टबॉलचे संघच कमी, त्यामुळे जिल्ह्यातून राज्यापर्यंतचा रस्ता जवळचा. आणि राज्यावर जाऊन आलं की दहावीला खेळाचे वाढीव गुण. त्यामुळे निवड चाचणीला आया अशा नटूनथटून यायच्या, जसं काही त्यांनाच पळायचंय.

माझ्या चेतनाला गुणांचं सोयरसुतक नव्हतं. तिला बॉल टाकायला आवडायचं, बस. हात खांद्यापासून पूर्ण गोल फिरायचा आणि मांडीजवळून बॉल असा सुटायचा की तो कधी सुटला ते कळायचंच नाही. पोळपाटाशी उभी राहिली तरी तिचा हात फिरायचा. एकदा तशात आमटीचा डाव गेला खिडकीबाहेर.

आदल्या वर्षी नववीत असताना ती चाचणीला गेली, तेव्हा तिनं टाकलेले बॉल मागे जात राहिले. बॅट घेतलेल्या मुलीच्या मागे एक मुलगी उकिडवी बसते, बॉल धरायला. तिला कॅचर म्हणतात. कॅचरच्या बगलेतून, गुडघ्याशेजारून, डोक्यावरून चेतनाचे बॉल जाळीवर जाऊन आपटत होते. कॅचर होती मृणाल. नंदू सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जोर आहे, पण वाइल्ड आहे. कुठे टाकतेय ते तिचं तिलाच कळत नाही." मृणाल संघात गेली आणि चेतना घरी आली.

संध्याकाळी सुलभाताई पेढे घेऊन खाली उतरल्या.

"जोर काय गं, म्हशीतही असतो," मला पेढा भरवत त्या म्हणाल्या. "पोरीच्या हातात बॉल नको देऊस, कुंदा. लाटणं दे. निदान पोळी तरी गोल होईल."

मी तो पेढा खाल्ला. चांगला होता. तेच मला सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मागच्या अंगणात चेतनासमोर उकिडवी बसले. पोरीचा नेम चुकतो ना, मग तो बसवू, एवढाच विचार. मला सॉफ्टबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आमचं सीट कव्हरचं दुकान. रेक्झिन आणि फोम यांतलं कळत होतं. ट्रॅक्टरच्या सीटचं जाड रेक्झिन घेतलं, आत स्कूटरचा फोम भरला, मेणाच्या दोऱ्यानं दुहेरी शिवण मारली आणि कॅचरचा हातमोजा, ज्याला मिट म्हणतात तो, तयार केला. पहिला आठवड्यात उसवला. दुसऱ्याच्या वेळी माझं बोट मोडलं.

"अवं, बोट पाय तुह्यं!" चेतनाचे बाबा दुकानातून आले ते ओरडलेच. "काय चाल्लं हे?"

"पोरीचा सराव."

"पोरीचा का तुह्या?"

उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट. ते आजही वरच्या पेरापासून वाकडं आहे. कुणाला रस्ता दाखवला तर तो माणूस भलतीकडे वळतो.

गॅलरीतून सुलभाताई रोज बघायच्या. "कुंदा, या वयात बेडकासारखी बसतेस, गुडघे राहतील का गं?" कधी म्हणायच्या, "बाळंतपणात नाही एवढी कण्हलीस." मी मान वर करायची नाही. मृणालही दिसायची कधीकधी, दात घासत कठड्याला टेकलेली. मी बघितलं की आत जायची.

पावसाळा संपत आला तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी हात हलवतच नव्हते. मिट जिथे धरायची तिथे बॉल येऊन बसत होता. मला वाटलं, योगायोग. मी मुद्दाम मिट गुडघ्याखाली धरला. तिथे आला. डाव्या अंगाला, पार कडेला धरला. तिथे आला. मी उठून उभी राहिले.

"चेतू, चाचणीला तू असेच टाकत होतीस?"

"असेच. जरा हळू."

"मग ते मागे कसे गेले?"

ती बॉल ट्रॅकपँटला पुसत राहिली. बराच वेळ पुसला. मग म्हणाली, "गेले."

मी वर बघितलं. गॅलरीत कुणी नव्हतं, नुसता ब्रश कठड्यावर पडला होता.

मृणालला मी माझ्या पायांवर घेऊन न्हाऊ घातलेलं. सुलभाताईंना बाळंतपणात कावीळ झाली होती, तेव्हा दोन्ही पोरी माझ्याकडेच होत्या. एकीला उजवीकडे, एकीला डावीकडे निजवायची. तिचं पहिलं परकर-पोलकं मी शिवलं. मिनू म्हणायची मी तिला. आणि आता त्याच पोरीवर मी दात धरून बसले. घरात कुणाला बोलले नाही. वर कढीची वाटी पूर्वीसारखीच जात राहिली, आणि तिच्यात मीठ अगदी बेताचं असायचं. सूड घ्यायचा तर मैदानावर घ्यायचा, कढीत नाही. पण रोज पहाटे बॉल मिटमध्ये धप्पकन बसला की मी मनात म्हणायची, हा नंदूला. हा सुलभाताईंना. आणि सगळ्यात जोरात बसेल तो मृणालला.

तर त्या सकाळी मी ड्रेस घालून मैदानावर गेले ती तयारीनं.

या वर्षी निवडीला अकोल्याहून गावंडे मॅडम आल्या होत्या. डोक्याला टोपी, गळ्यात शिटी, उन्हानं रापलेला चेहरा. कुणाशी हसत नव्हत्या, ते बघून मला बरं वाटलं. नंदू सर त्यांच्या मागेमागे नारळपाणी घेऊन फिरत होते. त्या म्हणाल्या, "ते मुलींना द्या."

आधी पळणं झालं, मग फेकणं-धरणं. मृणालनं दोन सोपे बॉल सोडले. सुलभाताई माझ्या शेजारच्या खुर्चीत होत्या, त्यांनी हातातला पंखा थांबवला. "रात्रभर अभ्यास करत होती गं. झोप नाही झाली पोरीची," त्या म्हणाल्या. माझा समज असा की, मामाच्या जिवावर आलीय, कशाला घाम गाळेल.

मग चेतनाचं नाव पुकारलं. बॉल टाकायला चेतना, बॅटिंगला मृणाल. आणि कॅचर म्हणून नंदू सरांनी बसवलं कोमलला. कोमल सातवीतली. मास्क तिच्या डोक्यावर असा बसला होता, जसं मांजरावर पातेलं पालथं घातलंय.

मला जे कळायचं ते कळलं.

पहिला बॉल कोमलच्या खांद्याला लागला. दुसऱ्या बॉलला तिनं तोंडच फिरवलं आणि तो मागे जाळीवर गेला. कोमल मास्क काढून रडायला लागली.

"बघा मॅडम," नंदू सर म्हणाले, "मागच्या वर्षीही हेच. वाइल्ड आहे. पुढची बोलवू?"

मी उठले. पिशवीतून पंचा काढला, सोडला आणि दोरीखालून आत गेले.

"ताई, ताई! पालकांनी दोरीच्या बाहेर!"

"मॅडम, मी धरते," मी म्हटलं.

गावंडे मॅडमनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही कोण?"

"तिची आई."

"धरता येतं?"

"वर्षभर धरतेय."

नंदू सर मध्ये आले. "मॅडम, हे काय हळदीकुंकू आहे का, कुणीही आत यावं?"

"सर, तुमची कॅचर रडतेय. दुसरी आहे?"

दुसरी मृणालच होती, आणि तिच्या हातात बॅट होती. मॅडमनी माझ्या हातातला मिट घेतला, दाबून बघितला, शिवण उलटी करून बघितली.

"कुठला हा?"

"ट्रॅक्टरचा."

"काय?"

"सीटचा."

त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला. "चाचणी आहे, सामना नाही. बसा. मास्क घाला, छातीला आणि पायाला गार्ड नीट बांधा. लागलं तर माझ्याकडे यायचं नाही."

"कुंदा!" मागून सुलभाताई ओरडल्या. "अगं, लोक बघतायत!"

"बघू देत," मी म्हटलं आणि बसले.

मास्कला कुणाकुणाच्या घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. गजांतून समोर चेतना दिसत होती, दूर, एवढीशी. आणि अगदी जवळ, हात लावता येईल इतक्या जवळ, मृणालचे पांढरे कोरे बूट. मॅडम माझ्या मागे उभ्या राहिल्या. नंदू सर जाळीपाशी, हाताची घडी घालून.

आमच्या खुणा ठरलेल्या. मांडीआड उजव्या हातानं मी दाखवायच्या. एक बोट म्हणजे सरळ. दोन बोटं म्हणजे येता येता खाली पडणारा. आणि अंगठा म्हणजे बॅटवालीच्या अंगाकडे, आत. अंगठ्याचा बॉल आम्ही घरी भिंतीला उभ्या केलेल्या गादीवर टाकायचो. माणसावर कधी टाकला नव्हता.

मी अंगठा दाखवला.

चेतनानं मान हलवली, नाही.

मी पुन्हा अंगठा दाखवला. ती माझ्याकडे बघत राहिली. एवढ्या लांबून मास्कच्या आतला माझा चेहरा तिला दिसणं शक्य नव्हतं, पण मला वाटलं, दिसला. मी तिसऱ्यांदा अंगठा दाखवला, आणि तिचा हात फिरला.

बॉल मृणालच्या पोटाजवळून, टी-शर्टाची घडी उडवत गेला आणि माझ्या मिटमध्ये बसला. मागे आयांच्या खुर्च्यांमधून एकदम "अगं आई गं" झालं. मी वर बघितलं, पोर किती घाबरलीय ते बघायला. त्यासाठीच तर वर्षभर बसले होते.

मृणाल जागची हलली नव्हती. बॅट खांद्यावर, आणि डोळे घट्ट मिटलेले. जसं डॉक्टरकडे सुई घेताना मिटायची, लहानपणी, माझ्या मांडीवर.

"आत गेला. स्ट्राइक नाही," मॅडम म्हणाल्या. मग माझ्या अंगावरून पुढे गेल्या, चेतनाकडे. "ए मुली, अंगावर टाकायचं नाही. लागेल कुणाला. इकडे ये, ऐक."

मॅडम तिकडे बोलत होत्या. इकडे आम्ही दोघीच.

"काकू," मृणाल ओठ न हलवता म्हणाली.

"बोलू नको. बॅट वर धर."

"काकू, मला बाद कर ना."

मला वाटलं, मास्कमुळे नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"बाद कर मला. मला नाही जायचं. मागच्या वर्षी सगळ्या मुली मला 'मामाची' म्हणायच्या. जेवायला बसले की म्हणायच्या, मामाची आली, जागा द्या. मला एकदापण खेळवलं नाही. मी नुसत्या बाटल्या भरल्या. आईला सांगितलं तर आई म्हणते, गुण मिळेपर्यंत सहन कर."

"मग सोडायचे कशाला होते चेतनाचे बॉल?" माझ्या तोंडून गेलंच.

"मामा म्हणाला, जागा एकच आहे, एक तर तू जाशील नाहीतर ती. सोड. मी सोडले." तिच्या नाकातून पाणी यायला लागलं होतं, ते तिनं खांद्याला पुसलं. "मी चेतूला सांगितलंय सगळं. दिवाळीत. पाया पडले तिच्या. तुला नाही सांगता आलं."

दिवाळीत. म्हणजे माझ्या पोरीला कधीचं माहीत होतं, आणि मी रोज पहाटे तिच्या समोर बसून तिघांच्या नावानं बॉल मोजत होते.

समोर मॅडम वळल्या होत्या.

मी जाळीकडे बघितलं. नंदू सर तिथेच, घडी घातलेले हात, चेहऱ्यावर सकाळपासूनचं तेच हसू. वर्षभर मी जे हत्यार शोधत होते ते माझ्या हातात आलं होतं. उठून मास्क काढायचा आणि मॅडमच्या समोर एक वाक्य बोलायचं. बस. पण ते चालवायचं तर मिनूच्या मानेवरूनच चालवावं लागणार होतं. आणि ती मान, घामानं भिजलेली, केसांच्या बटा चिकटलेली, माझ्या हातभर अंतरावर होती.

"मिनू," मी म्हटलं. कितीतरी महिन्यांनी म्हटलं. "नुसती उभी राहू नको. मामा ओळखेल. बॅट फिरव, पण उशिरा फिरव."

"किती उशिरा?"

"बॉलचा आवाज आला की मग."

तिनं नाक ओढलं आणि बॅट वर केली.

मी एक बोट दाखवलं. माझं ते वाकडं बोट. चेतनाचे खांदे खाली आले, लांबूनही मला दिसले. हात फिरला. धप्प. मग बॅट फिरली.

"स्ट्राइक," मॅडम म्हणाल्या. असे तीन झाले की बाद.

"मृणाल! बॉलकडे बघ!" नंदू सर ओरडले.

दोन बोटं. बॉल सरळ आला आणि शेवटी असा खाली बसला, जसं कुणी जिन्याची पायरी चुकावं. मिनूनं बॅट फिरवली, आणि फिरवली तीही इतकी मनापासून की स्वतःच गर्रकन वळली. मॅडम माझ्या मागे "हं" म्हणाल्या. तो "हं" मिनूसाठी नव्हता.

"स्ट्राइक दोन."

"अगं काय करतेस!" हा आवाज सुलभाताईंचा. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज पण आला.

तिसऱ्यासाठी मी खूणच केली नाही. नुसता मिट मधोमध धरला, छातीसमोर, आणि चेतनानं जे काही वर्षभर अंगणात साठवलं होतं ते सगळं त्यात टाकलं. माझा हात मनगटापर्यंत बधिर झाला. त्यानंतर बऱ्याच वेळानं, म्हणजे मला तरी बऱ्याच वेळानं वाटलं, माझ्या कानाशेजारून मिनूची बॅट सूं करून गेली.

"बाद."

मिनूनं बॅट खाली ठेवली. टाकली नाही, हळूच ठेवली. जाताना तिच्या बोटांची टोकं माझ्या खांद्याला लागली. कुणी बघितलं असतं तर चुकून लागली म्हणालं असतं.

त्यानंतर मॅडमनी आणखी चार-पाच मुली बॅटिंगला उभ्या केल्या. मी बसलेलीच. एकही बॉल मागे गेला नाही. सगळं झाल्यावर मॅडम नंदू सरांकडे वळल्या.

"सर, मागच्या वर्षी ही मुलगी संघात कशी नव्हती?"

"तेव्हा... तेव्हा वाइल्ड होती, मॅडम. कंट्रोल नव्हता."

"असा कंट्रोल वर्षात येतो?"

नंदू सरांचा चेहरा बघायचा म्हणून मी मास्क काढला. घामानं डोळे चुरचुरत होते, तरी उघडे ठेवले. गार्ड सोडायला मी त्यांच्याजवळच वाकले आणि त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "सर, यंदा कुणी सोडले नाहीत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मिनूकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं ते मी चवीचवीनं बघितलं. त्या पेढ्याहून ते चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. मी बोलेन की नाही हे त्यांना त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढेही कधी कळू दिलं नाही. अजूनही कुठल्या लग्नात समोर आले की आधी मला पाणी विचारतात.

चेतना निवडली गेली. मृणालचं नाव आलं नाही.

फाटकाजवळ सुलभाताईंनी मला गाठलं. मिनू त्यांच्या मागे उभी होती.

"एवढं विष होतं पोटात?" त्या म्हणाल्या. "पोरीच्या अंगावर बॉल टाकायला लावलास! अगं, तुझ्या मांडीवर वाढली ती! तिचे गुण खाल्लेस तू. सूड घेतलास ना माझ्यावर?"

मिनू आईच्या खांद्याआडून माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे पुन्हा तसेच मिटायच्या बेतात होते.

"हो," मी म्हटलं. "घेतला."

"तोंड वर करून सांगते!"

"विचारलंत म्हणून सांगितलं. चिवडा घेणार?"

त्या वळल्या आणि रिक्षात बसल्या. मिनू बसली. रिक्षा वळेपर्यंत ती मागच्या काचेतून बघत होती.

सुलभाताई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. त्याच हिवाळ्यात भाऊजींना सांगून त्यांनी बाहेरून वेगळा जिना बांधून घेतला, माझ्या दारावरून जावं लागू नये म्हणून. आता मिनू पुण्यात आहे, तिला एक मुलगा आहे, तरी सुलभाताई आलागेल्याला सांगतात की धाकट्या जावेनं माझ्या पोरीचं नुकसान केलं. मी कधी नाही म्हणत नाही. एक तर ते खरं आहे. आणि जेवढं खरं नाही, ते सांगायचा हक्क मिनूचा आहे.

पण त्या दिवशी, मैदानावरून पायी घरी येताना, मी चेतनाला विचारलं.

"दिवाळीपासून माहीत होतं तुला?"

"हं."

"आणि तू तिला माफ केलंस?"

"तेव्हाच. रडत होती गं ती खूप. मला तर तिचे बूटपण आवडले, तेवढंच बोललो मग आम्ही."

"आणि मला सांगितलं नाहीस. मी इकडे जळतेय, बोट मोडून घेतेय..."

"बोट आधी मोडलं होतं."

"चेतू!"

ती चालता चालता थांबली. चिवड्याचा डबा तिच्या हातात होता, अर्धा तिनं वाटेतच संपवला होता. तोंडातला घास गिळून ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू आधी वर जाऊन भांडली असतीस. मग रडली असतीस. मग तिला जवळ घेतलं असतंस. मला माहीत नाही का तुला? आणि मग तुझा राग गेला असता."

"मग? जाऊ द्यायचा होता की."

"मग पहाटे उठून माझ्यासमोर कोण बसलं असतं?"

मला तिच्या पाठीत एक धपाटा घालायचा होता. हात उचलला तर लक्षात आलं, तो अजून बधिर आहे.

"आई," ती म्हणाली, "राज्याच्या सामन्यांना महिना आहे. संघाची कॅचर नवीन असेल. तिला माझे बॉल झेपेपर्यंत तू बसशील ना? की गेला राग?"

मी वळून मैदानाकडे बघितलं. फाटकात नंदू सर एकटेच उभे होते, खुर्च्या एकात एक घालत.

"थोडा आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंगणात जाऊन बसले. गुडघे ठणकत होते. वर गॅलरीचं दार लावलेलं, खिडक्या लावलेल्या, पडदे ओढलेले. एका वर्षात एक गोष्ट मी शिकले होते. मिट सैल धरला तर बॉल गुपचूप येऊन बसतो. पण हात ताठ करून, तळव्याच्या खळग्यात बरोबर घेतला, तर असा आवाज येतो की शेजारच्या गल्लीतली कुत्री उठतात.

चेतनानं हात फिरवला. मी मिट ताठ धरला.